आतल्या खोलीची उंची

१

दर रविवारी सकाळी साडेनऊला मी हात दोनदा धुऊन, तीनदा पुसून आतल्या खोलीत जायचो आणि नोटांचा आल्बम उघडायचो. बायको बाहेरून म्हणायची, "भरलं साहेबांचं ऑफिस." मी दार ओढून घ्यायचो, स्वयंपाकघरातली वाफ नोटांना लागू नये म्हणून.

आल्बममध्ये दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या नोटा होत्या, दोनशेच्या आसपास. पण माझा जीव अडकला होता तो एका संचात. तिथल्या एका डोंगराळ देशाने नव्वद वर्षांपूर्वी काढलेल्या सात नोटा: एक, पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर आणि पाचशे पेसोंच्या. त्या देशाने पुढे दोनदा चलन बदललं, त्यामुळे आज तिथे या नोटांचा गठ्ठा नेऊन दिला तरी कुणी पावाचा तुकडा देणार नाही. पण काय ते कोरीवकाम! पुढच्या बाजूला एकेक दाढीवाले अध्यक्ष, मागच्या बाजूला एकेक चित्र: खाणकामगार, लामा नावाच्या लोकरी जनावरांचा कळप, दरीवरचा रेल्वेपूल, मागावर बसलेली बाई, तळ्यातल्या होड्या, बर्फाचा डोंगर. सहा नोटा जमवायला मला एकोणीस वर्षं लागली होती. पाचशेच्या नोटेवर काय आहे हे मी अजून पाहिलं नव्हतं.

कागदाला दमट हवा बाधते. म्हणून टेबलासमोरच्या भिंतीवर मी तीन तबकड्यांचं एक यंत्र लावलं होतं, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब दाखवणारं. दर रविवारी मी आर्द्रतेचा आकडा वहीत टिपायचो. बाकी दोन तबकड्यांकडे कधी लक्षही गेलं नाही. आणि हे कुणाचं, तर ज्याने एकतीस वर्षं कारखान्यांची आणि दवाखान्यांची दाबमापकं दुरुस्त करून पोट भरलं त्याचं.

शंभरची नोट मिळाल्यानंतरचा तिसरा रविवार होता. टेबलावर बिस्किटांचा न फोडलेला पुडा पडला होता. आल्बम उघडून पाचेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात पुड्याचा कागद करकरला. बघतो तर पुडा टम्म फुगलेला, चारी कोपरे ताणलेले. मी तो बोटाने दाबून पाहिला. मग आर्द्रता टिपली, त्रेचाळीस, आणि नजर सहज तिसऱ्या तबकडीवर गेली. दाबाचा काटा सगळ्यात खालच्या खिळीला टेकून पडला होता.

२

आमच्या धंद्यात काटा पडला की आधी यंत्राला दोष द्यायचा. मी यंत्र काढून वर्कशॉपमध्ये नेलं, तपासलं. केसाइतकाही फरक नव्हता. घरी आणून पुन्हा टांगलं, तर काटा नेहमीच्या दाबावर. मग आल्बम उघडला. मिनिटभरात काटा खिळीपर्यंत उतरला. मिटला. मिनिटभरात चढला.

असं मी अकरा वेळा केलं. डोकं फिरलं असेल तर माझं फिरलं असेल, यंत्राचं फिरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या भंगारातून विमानातलं एक जुनं उंचीमापक आणलं. ते हवेच्या दाबावरूनच उंची सांगतं. आमचं गाव समुद्राच्या काठावर, त्यामुळे घरभर काटा शून्यावर. आतल्या खोलीत आल्बम उघडल्यावर तो तीन हजार सहाशे मीटरवर जाऊन थांबला. शंभरची नोट चिमट्याने काढून बाहेर नेली, तर तीन हजार. पन्नासची नेली, दोन हजार चारशे. एका नोटेला सहाशे मीटर, मग ती एकची असो की शंभरची. बाकीच्या दोनशे नोटा उघड्या टाकल्या तरी काटा ढिम्म हलत नव्हता.

मी दारासमोर उभा राहून हिशोब केला. आत एवढी विरळ हवा आणि बाहेर आपली नेहमीची, म्हणजे त्या दारावर साडेसहा टन जोर यायला हवा. बिजागऱ्या उखडून दार आत पडायला हवं होतं. मी एका बोटाने ढकललं आणि ते नेहमीसारखं कुरकुरत उघडलं.

आता कळलं की गेली कित्येक वर्षं रविवारी माझ्या कानात दडे का बसतात. मी दोनदा डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घेतला होता. धाप लागायची ती नोटा बघून होणाऱ्या आनंदाची, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगतो, मला भीती वाटली. पण खुर्चीत बसून त्या सहा कागदांकडे बघताना भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, आणि मी नकळत आवाज न करता बसलो.

३

या सगळ्यात माझ्या छातीत धडकी भरली ती बायकोच्या काळजीने. तिची फुप्फुसं तीन वर्षांपासून कडक होत चालली होती. ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं आणि नाकात नळी घालून ती स्वयंपाकघर ते पलंग एवढंच फिरायची. तीही कोण, तर आयुष्यभर माझ्यापुढे वीस पावलं चालणारी बाई. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हापासून हे असंच. ती पुढे निघायची, कोपऱ्यावर थांबायची, वळायची, कंबरेवर हात ठेवायची. "चला. का उचलून नेऊ?"

निरोगी माणसाला जिथे धाप लागते तिथे तिचं काय होईल, हे सांगायला डॉक्टर नको होता. मी तिला त्या खोलीत यायची बंदी केली. कारण सांगितलं नाही. तिथेच चुकलं.

बुधवारी वर्कशॉपमधून आलो तर नळी पलंगावर पडलेली, यंत्र रिकाम्या पलंगाशेजारी घरघर करतंय. आतल्या खोलीचं दार उघडं. आल्बम टेबलावर उघडा आणि माझ्या खुर्चीत ती.

"अगं, बाहेर ये आधी," मी ओरडलो.

"ओरडू नका. चष्मा शोधायला आले होते," ती म्हणाली. मग नुसती बसून राहिली. एवढं लांब वाक्य तिने एका श्वासात बोलून कितीतरी महिने झाले होते, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

मी रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणून तिच्या बोटाला लावलं. बाहेर नळी लावून नव्वदच्या वर न जाणारा तिचा आकडा सत्त्याण्णव होता. मग माझ्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी.

"तुमचाच जीव वर आलाय," ती म्हणाली, "तुम्ही बसा पलंगावर."

४

तेव्हापासून आल्बम मिटलाच नाही. तिची उशी, तिचं विणकाम, तिची चहाची किटली, सगळं आतल्या खोलीत गेलं. मी सगळं समजावून सांगितलं, आकडे दाखवले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी आता डोंगरावर राहते?"

"आकड्यांवरून तसंच दिसतं."

"आणि तुम्ही खाली."

किटलीतलं पाणी लवकर उकळायचं पण चहा काही होत नसे. पाण्याला बुडबुडे येत, पत्ती तशीच तरंगत राही. "तुमच्या दाढीवाल्यांच्या देशात चहा पांचटच मिळतो," असं म्हणत ती तो पांचट चहा दोन दोन कप प्यायची. गालांवर रंग आला. मी आत पंधरा मिनिटं बसलो की डोकं ठणकायचं, म्हणून उंबरठ्यावर खुर्ची टाकली. अर्धा मी खाली, अर्धा वर.

तिथून मला आवाज यायला लागले. कपाटामागच्या भिंतीच्या बाजूने वारा वाहत असायचा. जोराचा नाही, पण खूप लांबून आलेला. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे हे मला ठाऊक होतं. मी जाऊन त्यांचा पंखाही बघून आलो. त्यांच्याकडे पंखाच नव्हता.

एकदा केर काढताना ती म्हणाली, "अहो, हे काय सांडलंय बघा." कपाटाखालून तिने मूठभर पांढरी खडी काढली होती. मी एक कण जिभेवर ठेवला. मीठ होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच निघालं, आणि ते उन्हात पडून राहिल्यासारखं कोमट होतं.

५

मग तो दमट आठवडा आला. घरात आर्द्रता अठ्ठ्याहत्तर, आतल्या खोलीतही साठच्या पुढे. शंभरच्या नोटेची कड किंचित लाटेसारखी उचललेली दिसली आणि माझ्यातला संग्राहक जागा झाला. नोटा जमवणारा कुणीही जे करतो तेच मी केलं. ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्या, रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणला. एक दिवस आल्बम डब्यात ठेवायचा, कोरडा करायचा, पुन्हा उघडून ठेवायचा.

"तेवढा वेळ नळी लावून बस," मी तिला म्हटलं.

"लावते. तुम्ही उरका."

आल्बम मिटला, डब्यात घातला, पुड्या टाकल्या, झाकण दाबून बसवलं. बाहेरची दमट हवा आत शिरायच्या आधी बसवलं याचं मला समाधानही वाटलं. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. बाहेरच्या यंत्राची घरघर बंद पडली. राखीव सिलिंडर रिकामा होता. आता लागतच नाही म्हणून आम्ही तो भरून आणला नव्हता.

तिने खुर्चीचा हात धरला. भिंतीवरचा काटा चढत होता आणि तिचे ओठ निळे पडत होते.

मी झाकण ओढलं. हललं नाही. आणि मला एकदम कळलं मी काय केलंय. डब्यात कोंडली होती ती डोंगरावरची विरळ हवा, आणि आता बाहेर होती खालची जड हवा. त्या झाकणावर पावणेतीनशे किलो वजन बसलं होतं. एकतीस वर्षं दाबाचं काम केलेल्या माणसाने, कागदाला ओल लागू नये म्हणून, स्वतःच्या हाताने बसवलेलं. माझ्या डोळ्यांदेखत पत्रा आत चेपत गेला.

मी खिळा आणि हातोडी घेऊन झाकणात भोक पाडलं. एक लांब शीळ वाजली, हवा आत शिरली, झाकण निघालं. आल्बम उघडून मी तिच्या मांडीवर ठेवला आणि काट्याकडे बघत राहिलो. तो उतरायला मिनिट लागलं. तेवढं लांब मिनिट मी दुसरं पाहिलेलं नाही. तिने मोठा श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "अहो, तुमच्या नोटेला भोक पडलं."

खिळा शंभरच्या नोटेतून, बर्फाच्या डोंगरातून आरपार गेला होता.

६

त्या दिवसापासून उंचीमापकाचा काटा तीन हजार सहाशेवर गेलाच नाही. तीन हजार दोनशे, मग महिन्याभरात तीन हजार शंभर. भोकातून काय गळत होतं कुणास ठाऊक. बायको आतही धापा टाकू लागली. बोलताना मध्ये थांबू लागली.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. आतल्या खोलीत त्यांना स्वतःलाच गरगरलं, म्हणून तिला बाहेर आणून तपासलं. मग मला जिन्यापर्यंत घेऊन गेल्या. "दोन महिने," त्या म्हणाल्या. "तेही मी धीर द्यायला सांगते आहे."

मी परत आलो तर बायकोने विचारलं, "किती म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "सातवी नोट कुणाकडे आहे?"

७

सातवी होती आम्हाला नोटा विकणाऱ्याकडे. त्याला आम्ही सगळे संग्राहक 'चिमटे' म्हणतो, कारण तो नोटेला बोट लावत नाही, साखरही चिमट्याने उचलत असेल असा आमचा संशय आहे. त्याने पाचशेची नोट पंधरा वर्षं विकायला काढली नव्हती. मी माझ्या बाकीच्या दोनशे नोटा त्याच्यासमोर ठेवल्या.

"सगळ्या?" त्याने विचारलं.

"सगळ्या."

त्याने तिजोरीतून एक पाकीट काढलं. नोट काचेवर उलटी ठेवली आणि मला भिंग दिलं. मागच्या बाजूला काहीच नव्हतं, असं आधी वाटलं. मग दिसलं. एक सपाट पांढरं मैदान, कडेपासून कडेपर्यंत. एवढी मोकळी जागा दाखवायला कोरणाऱ्याने काय केलं होतं, तर अगदी वर एक रेघ काढली होती, क्षितिजाची. बाकी काही नाही. घर नाही, झाड नाही, सावली नाही. मी श्वास रोखून बघत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला सांगता येणार नाही.

"एक सांगू का," चिमटे म्हणाला, "ही वेगळीच ठेवा. बाकीच्यांबरोबर नको."

"का?"

"मी नाही ठेवली."

"पण का?"

त्याने चिमटा पुसून खिशात ठेवला. "तुमच्याकडे आलो होतो ना एकदा. माझे कान अजून साफ उघडलेले नाहीत."

घरी येऊन मी बायकोला नोट दाखवली. भिंगातून तिने ती बराच वेळ पाहिली. मग मी सांगितलं ते असं: ही नोट घातली की खोली किती वर जाईल याचा हिशोब मला करता येत नाही. सहाशेच मीटर वाढतील असं वाटत नाही. तुला तिथे श्वास येईल. मला येणार नाही.

"अजिबात झेपणार नाही?"

"दहाबारा श्वास. फार तर."

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत ती मला न सांगता कुठे गेली नव्हती.

"मग मी पुढे होते," ती म्हणाली.

८

रविवारी सकाळी साडेनऊला मी हात दोनदा धुतले, तीनदा पुसले. तिने लोकरीची शाल घेतली, बूट घातले. ती खुर्चीत बसली. मी सातव्या कप्प्यात नोट सरकवली.

उंचीमापकाचा काटा चार हजारांवरून गेला, पाच हजारांवरून गेला, एक पूर्ण वेढा मारून पुन्हा फिरत राहिला. मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. कानांत सुया टोचल्या. तिने मान मागे टाकून श्वास घेतला, मग आणखी एक, नळी लागायच्या आधी घ्यायची तसा, पोटापर्यंत. मी तिचं कपाळ धरलं. मोजत होतो. नवव्या श्वासाला डोळ्यांपुढे काळोखी आली आणि तिनेच मला पाठीला हात लावून उंबरठ्यापर्यंत ढकलत आणलं. "जा. पडाल इथे." दार मी लावलं की तिने, ते आठवत नाही.

बाहेर फरशीवर बसून मी ऐकत होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. आमची ती खोली दहा फूट लांब आहे, दाराकडून कपाटापर्यंत चार पावलं. मी सतरा मोजली. नंतरची मोजता येण्याइतकी स्पष्ट नव्हती. मिठावर बूट पडल्यासारखी ती करकरत होती आणि बारीक होत गेली.

मी दार बोटभर उघडलं.

टेबल होतं, आल्बम होता, रिकामी खुर्ची होती. कपाटही होतं. पण कपाटामागे भिंत होती असं मी शपथेवर सांगणार नाही. तिथे इतका उजेड होता की डोळे मिटूनही तो दिसत राहिला. त्या उजेडात फार लांब एक काळा ठिपका चालत होता, आणि त्याची चाल मी ओळखली. मला रडू आलं. ते दुःखाचं होतं की कशाचं हे ठरवायच्या आत श्वास संपला आणि मी दार ओढलं.

त्याला आता पाच महिने झाले. शेजारी विचारतात, मी सांगतो, ती हवापालटाला गेली आहे. डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "या अवस्थेत? कुणी परवानगी दिली?" मग माझाच चेहरा लाल दिसतो म्हणून त्यांनी माझं रक्त तपासलं. कागद हातात धरून त्या विचारात पडल्या. "तुमचं रक्त घट्ट झालंय. वर्षानुवर्षं डोंगरात राहणाऱ्यांचं असतं तसं. कुठे जाऊन आलात?"

"कुठे जाणार? घरीच असतो."

घरीच असतो हे खरं आहे. रोज सकाळी साडेनऊला दार उघडतो आणि आत खुर्चीत जाऊन बसतो. पहिल्या आठवड्यात दहा श्वास जमायचे. मग एक मिनिट, मग तीन. वहीत आता आर्द्रता लिहीत नाही, मिनिटं लिहितो. काल एकोणीस झाली. आता डोळे त्या उजेडाला सरावले आहेत, त्यामुळे रेघेपर्यंतचं दिसतं. तो ठिपका आणखी लांब गेलेला नाही. पहिल्या दिवशी जिथे पोहोचला होता तिथेच आहे. काल मी भिंग लावून पाहिलं. तोंड माझ्या बाजूला आहे आणि हात कंबरेवर.

नवे बूट आणून ठेवले आहेत. उद्या वीस मिनिटं बसायचं आहे.